तिसरी हाक

बुधवार, २५ एप्रिल १९८४

वल्हांडण काल सूर्यास्ताला संपलं आणि आज सकाळी नाफ्तालीकाकांना पोचवून आलो. सण चालू असताना मरायचं नाही, लोकांची पंचाईत करायची नाही, एवढं भान त्या माणसाला शेवटपर्यंत होतं.

माती टाकून मी फावडं खाली ठेवत होतो, तेवढ्यात आमच्या सिनेगॉगचा अध्यक्ष तेपर कानाशी लागला. "इसिदोरो, आता सव्वीस मेला शाप कोण घेणार रे?"

"मेल्या, माती तरी बसू दे," मी म्हणालो. पण प्रश्न घरापर्यंत बरोबर आला तो आलाच. अजून आहे.

हे लिहून काढतो, कारण बोलायला पोलाशिवाय कोणी नाही आणि बायकोशी नेमकं हेच बोलता येत नाही. आमचा रब्बी दोन वर्षांपूर्वी राजधानीत गेला. गावात आता पंधरा-सोळा घरं आमची ज्यूंची उरली, त्यांच्यासाठी दुसरा कोण येणार? लहानपणी बापानं छडी मारून मला तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचायला शिकवलं होतं, म्हणून औषधांचं दुकान सांभाळून हे काम माझ्या गळ्यात पडलं. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोराची गुंडाळी उलगडून त्या आठवड्याचा पाठ सुरात वाचायचा. सात जणांना हिब्रू नावानं, बापाच्या नावासकट हाक मारून एकेकाला शेजारी उभं करायचं. वर दहा मिनिटं प्रवचन झोडायचं. पहिली हाक कोहेनाची, म्हणजे पुरोहितांच्या कुळातल्याची, दुसरी त्यांच्या मदतनीस लेवींच्या कुळातल्याची, तिसरीपासून आम्ही साधी माणसं. त्यामुळे तिसरी हाक म्हणजे मान. पाहुणा आला की तिसरी त्याला.

एक शब्बाथ सोडून. मेच्या शेवटी जो पाठ येतो त्यात तिसऱ्या हाकेला शाप येतात. ताप, दुष्काळ, शत्रू, पोरंबाळं हिरावली जाणं. ते हळू आवाजात, भरभर वाचून टाकायचे असा रिवाज. शेजारी उभा राहील त्याला ते चिकटतात असं कोणी शहाणा माणूस मानत नाही, पण उभंही कोणी राहत नाही. अडतीस वर्षं काका राहिले. "बायको नाही, पोर नाही, तोंडात दात नाहीत, माझं काय घेऊन जाणार?" म्हणायचे. काकांसारखं कोणी नसेल तर वाचणाऱ्यानं स्वतः उभं राहायचं, असा नियम आहे. वाचणारा म्हणजे मी.

सुलेमाचे दिवस मेच्या अखेरीस भरतात. माझ्या पोरीची आधीची दोन गेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक सातव्यात. मी शिकलेला माणूस आहे. चौतीस वर्षं औषधं विकतोय. तरीही कबरस्तानातून येताना रस्ताभर मी दिवस मोजत होतो.


रविवार, २९ एप्रिल

शब्बाथला लेखणी धरत नाही, म्हणून कालचं आज.

कालचा पाठ दोन बोकडांचा. चिठ्ठ्या टाकायच्या, एक बोकड देवाला आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला रानात हाकलायचं. प्रवचनात मी म्हणालो की तो दुसरा बोकड बिचारा मजेत चालत गेला असेल, आपल्या डोक्यावर काय ठेवलंय हे त्याला कुठे माहीत? लोक हसले. बायकांच्या वरच्या सज्जातून पोलासुद्धा हसली, म्हणजे बरं झालं असणार.

बोलता बोलता माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. तिथे तो नवा माणूस बसतो, ग्रेगोरिओ लुत्स्की. फेब्रुवारीत राजधानीतून आला. विधवा मातिल्देबाईंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो, शिलाई मशिनं दुरुस्त करतो. साठी उलटलेला, एकटा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दर शब्बाथला येतो खरा, पण वाचता येत नसावं. पुस्तक मांडीवर उघडं असतं आणि पान एकदाही उलटत नाही. मी तीन आठवडे पाहतोय. काल तर डोळे मिटूनच बसला होता. अशा माणसाला हाक कितवी आणि पाठ कोणता, काय कळणार?

कागदावर उतरवायला नको होतं हे. पण उतरलं.


बुधवार, २ मे

आधी सरळ मार्गानं प्रयत्न केला. तेपरकडे गेलो. तो दुकानात सुतळीचे गुंडे मांडत होता.

"तूच घे की या वर्षी. अध्यक्ष आहेस."

"मी कोहेन," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मला पहिलीच हाक. आपल्या हातात असतं तर घेतलं नसतं का?"

"साठ वर्षांत तुझं कोहेनपण तुला आजच गोड लागलंय."

"लागलंय खरं," म्हणाला निर्लज्जपणे.

मग दूधवाले गुर्विच बंधू. थोरला म्हणाला, त्या दिवशी आम्ही जरा उशिरा येऊ, गाय व्यायला झालीय. सव्वीस तारखेलाच गाय विणार हे त्याला आज माहीत आहे. धाकट्यानं सांगितलं, तो येईल, पण तिसऱ्या हाकेला त्याला नेहमी लघवीला लागते. इतरांकडे गेलोच नाही. सगळेच त्या दिवशी घरी बसले तर दहा माणसं भरायची नाहीत आणि पाठच वाचता येणार नाही. एकदा वाटलं, बरंच होईल. मग बापाची छडी आठवली.

संध्याकाळी सुलेमाचा फोन. पायांवर सूज आहे म्हणते. मी म्हटलं, मीठ कमी कर, पाय उशीवर ठेव. आवाज अगदी दुकानदाराचा काढला. फोन ठेवल्यावर काउंटरला धरून उभा राहिलो.


रविवार, ६ मे

काल प्रवचन फर्मास झालं. पाठच तसा होता: बहिऱ्याला शिवी देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवू नको. मी सांगितलं, इथे आंधळा म्हणजे डोळे नसलेला नव्हे. ज्याला एखादी गोष्ट माहीत नाही, तो त्या गोष्टीपुरता आंधळा. त्याच्या अज्ञानाचा फायदा घेणं म्हणजे धोंडा ठेवणं. तेपरनं मान डोलावली. एक म्हातारी रुमालानं डोळे पुसत होती.

खाली उतरल्यावर लुत्स्की हात मिळवायला आला. पहिल्यांदाच. हात सुका, बोटं मशीनच्या तेलानं काळी.

"चांगलं बोललात," म्हणाला. "पण काही आंधळ्यांना वाट पाठ असते."

मी "हो हो, अगदी" म्हणालो. काय म्हणायचं होतं त्याला कोण जाणे. एकट्या माणसांना असं काहीतरी बोलायची सवय लागते.

त्याच्या हातातून हात सोडवताना मला ठरवलेलं पुन्हा आठवलं. आणि पाच मिनिटांपूर्वी मी वर उभा राहून काय बोललो तेही. दोन्ही एकाच तोंडात राहतात, याचं नवल वाटत नाही आता. भीती वाटते.


बुधवार, ९ मे

झालं. विचारलं.

पोलाचं मशीन वर्षभर बंद आहे. तिला म्हटलं, दुरुस्त करून घेऊ. ती म्हणाली, कशाला? बाळ हातात येईपर्यंत मी टाकासुद्धा घालणार नाही. माझी आई काय सांगून गेली ते विसरलास? बाळाआधी कपडे शिवायचे नाहीत, हे मला ठाऊक होतं. मला माणूस घरात यायला हवा होता.

लुत्स्की आला, मशीन उघडलं, पुसलं, तेल घातलं. त्याचं लक्ष खोलीभर फिरलं. रिकामी टोपली, लोकरीचे न उलगडलेले गुंडे. मग पोलाला म्हणाला, "वहिनी, मशीन तयार करून ठेवतो. बाळ आलं की एका दिवसात सगळं शिवून होईल. आत्ता हात लावू नका." पोलाचा चेहरा उजळला. पहिल्यांदा कोणी तिला वेड्यात काढलं नाही.

मी त्याला मातेचा कडू चहा भरून दिला. मग म्हणालो, "लुत्स्की, तुम्ही तीन महिने येताय आणि आम्ही तुम्हाला एकदाही वर बोलावलं नाही. लाज वाटते. सव्वीस तारखेला तिसरी हाक तुमची. मानाची."

नळीतून ओढता ओढता तो थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं. त्याचं राजधानीला जाणं-येणं असतं, तेच जुळवत असेल.

"मुलीचे दिवस कधी भरतात?" त्यानं विचारलं.

"त्याच सुमाराला." त्यात त्याचा काय संबंध ते मला कळलं नाही.

"आधी काही झालंय?"

"दोन गेली," पोला आतून म्हणाली. मला राग आला. घरातलं सगळं परक्याला सांगायची गरज काय?

त्यानं मशीनचं चाक एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

"हाक मारायला तुमचं हिब्रू नाव आणि वडलांचं नाव लागेल."

"योएल. योएलचा मुलगा गेर्शोन." आणि हसला, पण डोळ्यांत पाणी. "वडलांच्या नावानं मला सात वर्षांत कोणी हाक मारली नाही."

तो गेल्यावर मी दोनदा हात धुतले.


सोमवार, १४ मे

सुलेमाचा रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. जावई ऊगो फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणतो आणि ते इतक्यांदा म्हणतो की ठीक नसणार हे कळतं.

शनिवारचं प्रवचन काय केलं आठवत नाही. कोणी तक्रार केली नाही, म्हणजे त्यांनाही आठवत नसावं.

आज पोलाला कळलं. तेपरच्या बायकोनं सांगितलं. जेवणाचं ताट तिनं माझ्यासमोर आपटलं.

"त्या माणसाला माहीत आहे का, तिसरी हाक म्हणजे काय?"

"मान आहे असं सांगितलंय."

"मग खोटं सांगितलंस."

"इतर पन्नास आठवडे ते खरं असतं."

"इसिदोरो, तू औषधाच्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली असतीस तर तुझं दुकान बंद झालं असतं."

"आणि सुलेमा?" मी ओरडलो. ओरडायचं नव्हतं. "मी उभा राहिलो आणि त्या दिवशी काही झालं, तर आयुष्यभर तुला काय सांगू? विश्वास नाही म्हणून उभा राहिलो?"

तिनं सूप वाढलं, तेही गार. तिलाही भीती वाटते. त्यामुळे ती यावर पुन्हा बोलणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.


शुक्रवार, १८ मे

सकाळी दुकान उघडताना राजधानीची बस आली. लुत्स्की उतरला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. काखेत काठीला लावलेला पुठ्ठा, वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीनं बांधलेला. मी हात केला, त्याला दिसलं नाही.

मातिल्देबाई खोकल्याचं औषध न्यायला आल्या तेव्हा त्यांना विचारलं. म्हणाल्या, महिन्यातून दोन गुरुवार जातो आणि शुक्रवारी परत येतो. खोलीत रोज दोन ताटं मांडतो. एकात जेवतो आणि दुसरं तसंच धुऊन ठेवतो.

म्हणजे तिकडे कोणीतरी बाई आहे. गुरुवारची. असू दे बापडा. मला उलट हलकं वाटलं. त्याला अगदीच कोणी नाही असं नाही, आणि पोरंबाळं नाहीत, म्हणजे शापांना नेण्यासारखं काही नाही. काकांसारखंच.


रविवार, २० मे

पाठ जमिनीचा होता. सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्या, पन्नासाव्या वर्षी ज्याची त्याला परत करा. प्रवचन चार मिनिटांत संपवलं. पुढच्या शब्बाथच्या पाठाची तालीम घरी करायला बसलो तर शापांच्या ओळींवर बोट ठेवता येईना. शेवटी चमचा वापरला.


गुरुवार, २४ मे

सुलेमाला पाराना शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं. पोला दुपारच्या गाडीनं गेली. शनिवार-रविवारकडे मूल काढावं लागेल म्हणतात. निघताना दारात मला म्हणाली, "तू येऊ नकोस. तू आलास तर वाचणार कोण?" मग थोडं थांबून, "आणि जे करायचं ते विचार करून कर." एवढंच.

ती गेल्यावर घर खायला उठलं. शटर ओढलं आणि सरळ मातिल्देबाईंकडे गेलो. ठरवलं होतं, लुत्स्कीला सगळं सांगायचं. हे मानाचं नाही, हे शाप आहेत. नको असेल तर येऊ नका, मी पाहतो माझं.

खोलीला कुलूप. गुरुवार.

खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं. उद्या तो उतरेल तेव्हा सांगता येईल, असं मनाशी म्हणत घरी आलो आणि तेव्हाच मला कळलं की उद्या मी सांगणार नाही.


रविवार, २७ मे

सगळं नीट लिहितो.

काल सिनेगॉगमध्ये चौदा माणसं होती. गुर्विच बंधू वेळेवर आले, दोघेही. बघायला आले होते, दुसरं काय. पारानाहून शुक्रवार संध्याकाळनंतर काही कळलं नव्हतं. शब्बाथला मी फोन उचलत नाही. काल उचलला असता, पण तो वाजला नाही.

पहिली हाक तेपरची, दुसरी लेवी असलेल्या शिंप्याची. मग मी आवाज चढवून म्हणालो, "योएलचा मुलगा गेर्शोन, तिसरा." चढवला नसता तर निघालाच नसता. एकदा हाक मारली की नाही म्हणायचं नसतं.

लुत्स्की शेवटच्या बाकावरून उठला. पुस्तक बाकावरच ठेवलं. चालत आला, शालीच्या टोकानं गुंडाळीवरची नेमकी पहिली ओळ टिपली, टोक ओठांना लावलं आणि आशीर्वचन म्हटलं. पाठ, न अडखळता, आणि अशा सुरात की माझा बाप असता तर मला खाली उतरवून त्याला वर चढवलं असतं. पान न उलटणारा माणूस पानाची गरज नसलेला निघाला.

वाचायला लागलो. पहिल्या ओळी चांगल्या असतात. मग शाप आले आणि रिवाजाप्रमाणे मी आवाज खाली नेला, वेग वाढवला. मनगटावर काळी बोटं आली.

"सावकाश," तो कुजबुजला. "आणि मोठ्यानं. मला ऐकायचंय."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं वाचलं. त्या दालनात हे शब्द कोणी मोठ्यानं ऐकलेच नव्हते. तेपर पहिल्या बाकावर चुळबुळला. एक ओळ येते: मी तुमच्यावर रानातली श्वापदं सोडीन, ती तुमची पोरं नेतील. तिथे मी अडलो. डोळ्यांसमोर सुलेमा. तेव्हा त्यानं ती ओळ स्वतः म्हटली, गुंडाळीकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत. नंतर मी त्याच्यामागे म्हटली. असं करत शेवटपर्यंत गेलो. पहिल्यांदाच ते सगळं मला कळलं, इतकी वर्षं मी त्यावरून पळतच गेलो होतो.

प्रवचनाचा कागद खिशात होता. तो काढलाच नाही.

नंतर सगळे हेरिंग मासे आणि ब्रँडीकडे वळले. तो बाहेर पायरीवर बसला होता. मी शेजारी बसलो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"राजधानीत बारा वर्षं मी हेच करत होतो. तुमच्याच जागी. दर वर्षी शाप मीच घ्यायचो, वाचणाऱ्यानं घ्यायचे म्हणून."

"मग बरं का म्हणालात?"

"तुमच्या घरात एक झबलं नव्हतं. बोटांवर मोजलं तेव्हाच सव्वीसला कोणता पाठ ते कळलं. मला वाटलं, या माणसाला भीती वाटते, आणि मला आता कशाची वाटायची?"

मग त्यानं सांगितलं. लीलियाना, त्याची मुलगी. बावीस वर्षांची, शिक्षिका व्हायला शिकत होती. सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये नंबर नसलेल्या हिरव्या गाडीतून पाच माणसं आली आणि तिला घेऊन गेली. बायको पुढच्या वर्षी गेली. तेव्हापासून तो वाचत नाही. गुरुवारी राजधानीतल्या चौकात मुलीचा फोटो काठीला लावून अशीच मुलं नेलेल्या इतर आईबापांबरोबर गोल गोल फिरतो. लष्कराचं सरकार गेलं, पण सांगत अजून कोणी काही नाही.

गुरुवारची बाई. मी हे या वहीत लिहिलंय. वर आहे, खोडणार नाही.

"त्या वर्षी शापामुळे झालं असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही हो." तो म्हणाला. "त्या मे महिन्यात मी ते हळू वाचलं होतं. भरभर. सगळे वाचतात तसं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तिला नेल्यावर सिनेगॉगमध्ये सगळे माझ्याशी तसंच बोलायचे. हळू आणि भरभर. मला वाटायचं, एकदा तरी कोणीतरी मोठ्यानं वाचावं."

मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "घरी जा. फोन वाजत असेल."

संध्याकाळी तारे दिसल्यावर वाजला. मुलगी. दोन किलो चारशे. सुलेमा ठीक आहे. पोला रडत होती, मीही रडलो, आणि मला नीट आनंद करता आला नाही.


बुधवार, ३० मे

पोला परत आली. बसताक्षणी तिला सगळं सांगितलं. तिनं मशीन पुढे ओढलं आणि सुई ओवायला लागली. तीनदा चुकली. मग म्हणाली, "मुलीचं नाव लीलियाना ठेवू या. सुलेमा नाही म्हणणार नाही."

मला ते इतकं पटलं की टोपीसुद्धा न घेता गेलो. वाटलं, देवानं एवढं मोठं ऋण फेडायची वाट दाखवली. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात, म्हणजे ते माणूस घरात राहतं. माझ्या आईचं नाव बाजूला ठेवून आम्ही त्याच्या मुलीचं नाव ठेवणार होतो. याहून मोठं काय देणार?

लुत्स्की काम करत होता. टेबलावर दोन ताटं. मी एका दमात सांगितलं.

त्यानं पेचकस खाली ठेवला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"इसिदोरो, जिवंत माणसाचं नाव आपण ठेवत नाही."

इतका शिकलेला, इतकी प्रवचनं झोडणारा, आणि एका बापाच्या दारात जाऊन मी हसतमुखानं त्याची मुलगी मेली असं सांगून आलो होतो. शाप द्यायला गुंडाळी लागत नाही.

त्यानंच खुर्ची पुढे केली. "बसा. बाळाला तुमच्या आईचं नाव द्या." मग दुसऱ्या ताटावरचा रुमाल नीट करत म्हणाला, "तिचं नाव ठेवू नका. पण घेत जा. लोक माझ्यासमोर ते घेतच नाहीत."


रविवार, ३ जून

काल ऊगोला वर बोलावलं आणि बाळाचं नाव ठेवलं. रिवका, माझी आई. पोलानं दोन दिवसांत सहा झबली शिवली. मशीन कुरकुरत नाही.


रविवार, १६ सप्टेंबर

वर्षात शापांचा आणखी एक पाठ असतो, याहून मोठा, तो काल आला. सहाव्या हाकेला. आठवडाभर जेवण गेलं नाही. भीती गेलेली नाही, उलट आता रिवकाची धरून दुप्पट झालीय. चार दिवसांपूर्वी तिला साधी सर्दी झाली तर मी दुकानातली निम्मी औषधं घरी आणली.

शुक्रवारी लुत्स्कीला बस-थांब्यावर गाठलं. उद्या मुलीचं नाव सगळ्यांसमोर घेऊ का, असं विचारलं. तो म्हणाला, "हो."

वाचणारा स्वतःला हाक मारत नाही, गुपचूप उभा राहतो. काल मी मारली. "मेयेरचा मुलगा इसाक, सहावा." माझं नाव मला परक्याचं वाटलं. गुर्विच धाकटा दाराकडे निघाला होता, तो थांबला.

सावकाश वाचलं. मोठ्यानं. तुझी मुलं आणि मुली परक्यांच्या हाती जातील, दिवसभर वाट बघून तुझे डोळे शिणतील आणि तुझ्या हाती काही नसेल. जीभ अडली नाही. पहिल्या बाकावरून तेपर खाकरला, हळू वाच म्हणून. मी वाचत राहिलो.

प्रवचन माझं आजवरचं सगळ्यात लहान. मी म्हणालो, ही ओळ आपण दर वर्षी पुटपुटत आलो, आणि ती ज्यांच्या घरात आली त्यांच्याशीही आपण पुटपुटतच बोललो. शेवटच्या बाकावर बसतात त्यांची मुलगी लीलियाना लुत्स्की. तिला सत्त्याहत्तर साली घरातून नेलं. ती कुठे आहे हे तिच्या वडलांना अजून कोणी सांगितलेलं नाही. नाव मी दोनदा घेतलं, सज्जात ऐकू जाईल असं.

लुत्स्कीच्या मांडीवर पुस्तक होतं, त्याच पानावर उघडं. मग तेपर, आमचा कोहेन, उठला. बाकांमधून मागे गेला आणि त्याच्या शेजारी बसला. बसता बसता, त्याच्या नेहमीच्या बाजारातल्या आवाजात, त्यानं विचारलं, "लीलियाना दिसायला कोणावर गेलीय, तुमच्यावर की आईवर?"

लुत्स्कीनं खिशातून फोटो काढला.